डीबग लॉग : सर्व्हरच्या पोटातील रोजनिशी

पैसे खात्यातून वजा झाले पण तिकीट मिळाले नाही, अर्ज पूर्ण भरला आणि पडद्यावर ‘काहीतरी चूक झाली आहे’ एवढेच वाक्य उमटले, हा अनुभव आता शहरातील प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. ग्राहक वैतागतो आणि पुन्हा तेच बटण दाबतो. पलीकडे त्या सर्व्हरची देखभाल करणाऱ्या अभियंत्यापुढचा प्रश्न याहून बिकट असतो. ग्राहकाच्या पडद्यावर नेमके काय दिसले हे त्याला ठाऊक नसते आणि सर्व्हरवर काय घडले हे ग्राहकाला सांगता येत नाही. टेबलावरच्या संगणकावर चालणारी आज्ञावली बिघडली तर ती थांबवून, एकेक ओळ पुढे सरकवत तपासता येते. हजारो लोक एकाच वेळी वापरत असलेला सर्व्हर असा मधेच थांबवून ठेवण्याची सोय नसते. मग घडून गेलेल्या घटनेचा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे आज्ञावलीने स्वतःच्या कामकाजाची लिहून ठेवलेली नोंद, अर्थात ‘लॉग’. या नोंदींतील सर्वांत बारकाईचा आणि एरवी बंद ठेवला जाणारा थर म्हणजे ‘डीबग लॉग’.

‘लॉग’ हा शब्द मुळात समुद्रावरचा. जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडला जाई. ठरावीक वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजून तो आकडा वहीत टिपला जाई. पुढे ओंडक्याचे नाव वहीलाच चिकटले. ‘बग’ची कथाही जुनीच आहे. यंत्रातील दोषासाठी हा शब्द थॉमस अल्वा एडिसन यांच्या १८७८ सालच्या पत्रात आढळतो. संगणकाच्या क्षेत्रात मात्र त्याला कीर्ती मिळवून दिली ती ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क टू’ या यंत्राच्या रिलेमध्ये सापडलेल्या एका पतंगाने. तंत्रज्ञांनी तो कीटक चिकटपट्टीने यंत्राच्या नोंदवहीतच चिकटवून ठेवला. ते पान आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. बग आणि लॉग एकाच पानावर, इतक्या शब्दशः, दुसरीकडे क्वचितच भेटतील.

पातळ्यांची उतरंड

पोलिस ठाण्यातील स्टेशन डायरीत ठाणे अंमलदार खुनाची खबरही लिहितो आणि पथक गस्तीला रवाना झाल्याची नोंदही करतो. वाचणाऱ्याला मात्र दोन्हींचे वजन वेगळे आहे हे कळावे लागते. संगणकाच्या नोंदींनाही असेच वजन द्यावे, ही कल्पना रुळली ती ‘सिसलॉग’मुळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात ‘सेंडमेल’ या टपालप्रणालीच्या कामात ती घडवली. तिच्यात शून्यापासून सातपर्यंत आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे प्रणालीच कोलमडल्याची आणीबाणी. पुढे गंभीर बिघाड, त्रुटी, इशारा, सूचना, माहिती असे करत सातव्या, सर्वांत खालच्या पायरीवर ‘डीबग’ येते. ‘अपाची’ या वेब सर्व्हरनेही हीच उतरंड उचलली. पायथॉन भाषेत २००३ साली, २.३ या आवृत्तीपासून, नोंदींची स्वतंत्र सोय आली. तिने मात्र आकड्यांची दिशा उलटी ठेवली. तेथे डीबगला १० आणि सर्वांत गंभीर बिघाडाला ५० हा अंक आहे. दोन्ही प्रणाली एकत्र हाताळणाऱ्यांचा यामुळे होणारा गोंधळ स्वाभाविकच म्हटला पाहिजे.

या पायऱ्यांचा उपयोग उंबरठ्यासारखा होतो. सर्व्हरच्या मांडणीत उंबरठा ‘इशारा’ या पातळीवर ठेवला, तर त्याहून कमी महत्त्वाच्या ओळी लिहिल्याच जात नाहीत. अपाची आणि पायथॉन या दोहोंत मुळात हीच मांडणी असते. याचा अर्थ असा, की आज्ञावली लिहिणाऱ्याने डीबगच्या शेकडो ओळी आत पेरून ठेवल्या असल्या तरी एरवी त्या मुक्या असतात. प्रसंग आला की एक शब्द बदलून त्यांना वाचा फोडता येते. बहुतेक वेळा त्यासाठी आज्ञावलीला हात लावावा लागत नाही. पडद्यावर मजकूर छापून दोष शोधण्याची जुनी पद्धत आणि डीबग लॉग यांत हाच मोठा फरक आहे. त्या जुन्या पद्धतीला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. ‘सी’ भाषेवरील प्रमाणग्रंथाचे सहलेखक ब्रायन कर्निघन यांनी १९७९ सालीच शांतपणे विचार करणे आणि योग्य ठिकाणी मजकूर छापणे, हेच दोष शोधण्याचे सर्वांत परिणामकारक साधन असल्याचे मत मांडले होते.

मध्यरात्रीचा दोष

या साधनाचे खरे बळ कळते ते त्रुटीची एकही नोंद नसलेल्या दोषात. उदाहरणादाखल रुग्णालयातील तपासणीच्या वेळा आरक्षित करून देणारे एखादे संकेतस्थळ घ्यावे. काही रुग्णांची तक्रार अशी, की त्यांनी ‘आज’ची वेळ घेतली आणि पावतीवर कालची तारीख आली. नेहमीची नोंदवही उघडली तर प्रत्येक ठिकाणी ‘आरक्षण यशस्वी’ असेच लिहिलेले. त्रुटी नाही, इशारा नाही. अभियंते कार्यालयात बसून दहा वेळा आरक्षण करून पाहतात आणि दहाही वेळा तारीख बरोबर येते. येथे अनेक ठिकाणी रुग्णाच्याच मोबाइलला दोष देऊन तक्रार निकाली काढली जाते.

तसे न करता आरक्षणाच्या विभागापुरती डीबग पातळी रात्रभर सुरू ठेवली, तर सकाळी अशी ओळ हाती लागते : ‘१९:४०:०७ यूटीसी, डीबग, आरक्षण, विनंती ७एफ३, ब्राउझरकडून आलेली तारीख रिकामी, सर्व्हरने धरलेली तारीख ११.’ एका ओळीत दोन गोष्टी उघड होतात. पहिली म्हणजे दिनदर्शिकेतून तारीख न निवडता ‘आज’ हे बटण दाबले की ब्राउझर तारीख पाठवतच नाही, ती सर्व्हर स्वतः भरतो. दुसरी म्हणजे सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालते. ही वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असल्याने सर्व्हरवर सायंकाळचे ७ वाजून ४० मिनिटे झाली, तेव्हा भारतात १२ तारखेच्या पहाटेचे १ वाजून १० मिनिटे झालेली होती. सर्व्हरच्या लेखी मात्र अजून ११ तारीखच होती. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ‘आज’ दाबणारा प्रत्येक जण आदल्या दिवसात ढकलला जात होता. दिवसा तपासणारे अभियंते आणि रात्री दिनदर्शिका वापरणारे रुग्ण, दोघांनाही हा दोष कधीच दिसला नसता. दुरुस्ती अवघ्या एका ओळीची आहे. ‘आज’ कोणती तारीख, हे भारतीय वेळेनुसार ठरवायचे. ती ओळ नेमकी कोठे बदलायची, हे मात्र नोंदीवाचून कळणे कठीण.

या उदाहरणातील डीबगची ओळ उपयोगी ठरली, कारण तिच्यात आलेली माहिती आणि घेतलेला निर्णय दोन्ही होते. प्रत्यक्षात सर्व्हरच्या नोंदवह्यांत ‘इथवर आलो’, ‘ठीक’, ‘१११’ अशा ओळींचा खच पडलेला असतो. लिहिणाऱ्याला त्या क्षणी त्यांचा अर्थ ठाऊक असतो. सहा महिन्यांनी, रात्री दोन वाजता, दुसऱ्याच कोणाला तरी त्या वाचाव्या लागतात. चांगल्या नोंदीत वेळ असते आणि तीही कोणत्या प्रमाणवेळेतली ते स्पष्ट असते. आज्ञावलीचा कोणता भाग बोलतो आहे ते असते, आत काय आले आणि त्यावरून काय ठरवले तेही असते. बँकेसारख्या बाहेरच्या सेवेला हाक मारली असेल, तर उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले हा आकडा सर्वांत मोलाचा. संकेतस्थळ मंद असल्याच्या तक्रारीत दोष आपला की पलीकडच्याचा, याचा निवाडा तोच करतो.

आणखी एक गोष्ट अनेकदा राहून जाते. सर्व्हर एका वेळी अनेक ग्राहकांची कामे करत असल्याने नोंदवहीत सर्वांच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. तीन माणसांचे संभाषण कोणी नावे न लिहिता टिपून ठेवावे, तसा हा प्रकार. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक विनंतीला आत येतानाच एक खूणक्रमांक दिला जातो आणि तिच्याशी संबंधित प्रत्येक ओळीत तो उमटवला जातो. वरच्या उदाहरणातील ‘७एफ३’ तो हाच. एका संकेतस्थळामागे अनेक सर्व्हर असतील तर हा क्रमांक एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावा लागतो. तो कसा सोपवावा याचे सामाईक मानक ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम’ने २०२० साली शिफारस म्हणून मान्य केले. ग्राहकाच्या पडद्यावरील त्रुटीसंदेशाखालीही हा क्रमांक छापला, तर तक्रार करणारा तो वाचून दाखवू शकतो. त्यामुळे अर्ध्या दिवसाचा शोध काही मिनिटांवर येतो. इतकी साधी सोय फार थोड्या संकेतस्थळांवर दिसते, हे आश्चर्यच.

सगळे दिवे एकदम लावू नयेत

डीबग पातळी इतकी उपयोगी असेल तर ती कायमच का सुरू ठेवू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. पहिले कारण जागेचे. एका विनंतीमागे एक ओळ लिहिणारा सर्व्हर डीबगमध्ये शंभर ओळी लिहू लागतो. वर्दळीच्या संकेतस्थळावर डिस्क भरायला मग वेळ लागत नाही. डिस्क भरली की केवळ नोंदी थांबतात असे नाही. डेटाबेसला लिहायला जागा मिळत नाही आणि रोग शोधायला आलेल्या वैद्यानेच रुग्ण आडवा केल्यासारखी गत होते. दुसरे कारण वेगाचे. ओळ छापली गेली नाही, तरी ती तयार करण्याचे कष्ट आज्ञावली घेत असेल तर तो वेळ वायाच जातो. म्हणून जावाच्या जगात संदेशाचा साचा वेगळा आणि त्यात भरायची मूल्ये वेगळी देण्याची पद्धत रूढ झाली. पातळी बंद असेल तर साचा भरलाच जात नाही.

तिसरे कारण चमत्कारिक आहे. काही दोष दोन कामे अगदी एकाच क्षणी झाली तरच प्रकट होतात. नोंद लिहिण्यात काही मिलिसेकंद गेले की तो क्षण टळतो आणि दोष नाहीसा होतो. डीबग बंद केले की तो परत हजर. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांच्या १९८५ सालच्या प्रसिद्ध अहवालात अशा दोषांना, निरीक्षणाने निरीक्षित वस्तूच बदलते या कल्पनेवरून भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांची आठवण करून देणारे ‘हायझेनबग’ हे नाव वापरलेले आढळते. असा दोष लपला, तरी तोही एक पुरावाच मानावा. कामांच्या वेळा एकमेकींवर आदळत असल्याचा संशय त्यावरून बळावतो.

या सर्वांमुळे जाणते अभियंते डीबग सरसकट लावत नाहीत. अपाचीच्या २.४ या आवृत्तीपासून एकाच विभागाची किंवा एकाच फोल्डरची पातळी वेगळी ठेवता येते. ‘एनजिनएक्स’मध्ये, ती सोय समाविष्ट करून बांधलेली असेल तर, ठरावीक पत्त्यावरून येणाऱ्या जोडणीपुरतीच डीबग नोंद घेता येते. तक्रारदार अभियंता स्वतःच्या जोडणीवरून दोष पुन्हा घडवून पाहतो आणि बाकीच्या ग्राहकांच्या नोंदी जशाच्या तशा राहतात. जावाच्या ‘स्प्रिंग बूट’मध्ये सर्व्हर चालू असतानाच पातळी बदलण्याची व्यवस्था आहे. ती खिडकी बाहेरच्या जगाला उघडी राहणार नाही, हे पाहणे अर्थात ओघानेच आले.

नोंदवहीच फितूर होते तेव्हा

या विषयातील सर्वांत गंभीर भाग येथून सुरू होतो. डीबगच्या ओळी लिहिताना ‘आलेली संपूर्ण माहिती छापा’ ही आज्ञा सर्वांत सोपी असते. त्या संपूर्ण माहितीत पासवर्ड असतो, कार्डाचा क्रमांक असतो, ओटीपी असतो. ट्विटरने ३ मे २०१८ रोजी आपल्या सर्व, म्हणजे सुमारे ३३ कोटी, वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. पासवर्डचे न उलगडता येणाऱ्या संकेतात रूपांतर करण्याची चोख व्यवस्था कंपनीकडे होती. मात्र एका दोषामुळे ते रूपांतर पूर्ण होण्याआधीच पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये उघड्या स्वरूपात लिहिले जात होते. तिजोरी भक्कम, पण किल्लीचा ठसा दारातल्या वहीत, असा हा प्रकार. ती माहिती बाहेर गेल्याचे दिसून आले नाही, असे कंपनीने त्या वेळी सांगितले. फेसबुकच्या अंतर्गत प्रणालींत पासवर्ड साध्या मजकुरात साठवले गेल्याचे मार्च २०१९ मध्ये उघड झाले होते. त्या प्रकरणी आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला ९ कोटी १० लाख युरोंचा दंड ठोठावला.

डीबग लॉगपुरतेच बोलायचे तर ‘वर्डप्रेस’शी संबंधित एक घटना अधिक बोलकी आहे. वर्डप्रेसमध्ये डीबगची नोंद सुरू केली की ती मुळात ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ या फोल्डरातील ‘डीबग डॉट लॉग’ या फायलीत जाते. हे फोल्डर संकेतस्थळाच्या सार्वजनिक भागात असते. सर्व्हरवर अटकाव केलेला नसेल, तर ब्राउझरमध्ये पत्ता टाकून कोणीही ती फाइल वाचू शकतो. ‘लाइटस्पीड कॅश’ हे त्या काळी ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेले प्लगइन आपल्या डीबगच्या नोंदी याच फायलीत लिहीत असे. त्यात सर्व्हरने पाठवलेल्या कुकीजही येत. लॉगइन केल्यावर मिळणारी कुकी म्हणजे प्रवेशाचा बिल्लाच. तो ज्याच्या हाती पडेल, त्याला पासवर्डाची गरज उरत नाही. व्यवस्थापकाच्या कुकीची ओळ सापडली, तर संपूर्ण संकेतस्थळ हस्तगत होण्याची शक्यता होती. ‘पॅचस्टॅक’ या सुरक्षा संस्थेच्या संशोधकाने हा दोष दाखवून दिल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये प्लगइनच्या ६.५.०.१ या आवृत्तीत तो दूर करण्यात आला. नोंदींची जागा वेगळ्या फोल्डरात हलवली गेली, फायलीला अंदाज न येणारे नाव दिले गेले आणि कुकीज नोंदवण्याचा पर्यायच काढून टाकला गेला.

या प्रकरणातील खरी मेख अशी, की डीबग त्या दिवशी सुरू असण्याचीही आवश्यकता नव्हती. पूर्वी कधीतरी एखाद्या दोषासाठी ते सुरू केले असेल आणि काम झाल्यावर फाइल तशीच पडून राहिली असेल, तरी धोका होता. वर्डप्रेसच्या ५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९पासून, डीबगच्या फायलीचा मार्ग स्वतः ठरवता येतो. तो सार्वजनिक फोल्डराच्या बाहेरचा ठेवणे केव्हाही श्रेयस्कर.

येथे ‘डीबग लॉग’ आणि ‘डीबग मोड’ यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. पहिला फायलीत लिहितो, दुसरा बहुधा भेट देणाऱ्याच्या पडद्यावरच सारे दाखवतो. पीएचपीमध्ये त्रुटी पडद्यावर दाखवणे आणि त्रुटी नोंदवणे हे दोन स्वतंत्र खटके आहेत. चालू संकेतस्थळावर पहिला बंद आणि दुसरा सुरू असायला हवा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी नेमके उलटे आढळते. पायथॉनच्या ‘जँगो’मध्ये डीबग मोड सुरू राहिला, तर त्रुटी येताच आज्ञावलीचे तुकडे आणि मांडणीचा बराचसा तपशील परक्याच्या ब्राउझरमध्ये उमटतो. शिवाय डेटाबेसला विचारलेले प्रश्न स्मरणात साठत राहतात.

बाहेरून आलेला मजकूर जसाच्या तसा नोंदवण्यातही जोखीम आहे. कोणी नावाच्या रकान्यात नव्या ओळीचे चिन्ह घालून पुढे बनावट नोंद लिहिली, तर लॉग वाचणाऱ्याची दिशाभूल होते. याचा कळस डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग फोर शेल’ या नावाने जगापुढे आला. जावातील ‘लॉग फोर जे’ ही सर्रास वापरली जाणारी नोंदप्रणाली नोंदवायच्या मजकुरातील विशिष्ट खुणांचा अर्थ लावत असे. हल्लेखोराने तशी खूण असलेला मजकूर नावाच्या रकान्यात किंवा गप्पांच्या खिडकीत टाकला आणि सर्व्हरने तो केवळ नोंदवला, तरी बाहेरील सर्व्हरवरून घातक आज्ञावली आणून ती चालवली जाऊ शकत होती. तीव्रतेच्या मोजपट्टीवर या दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले. ‘अलिबाबा क्लाउड’च्या सुरक्षा पथकाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो अपाची प्रतिष्ठानला कळवला होता. त्यावर एकामागून एक दुरुस्त्या प्रसिद्ध कराव्या लागल्या.

भारतात नोंदी ठेवणे ही आता केवळ अभियंत्यांची सवय राहिलेली नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या संगणकप्रणालींच्या नोंदी सुरू ठेवून त्या १८० दिवस सुरक्षित जपाव्या लागतात. त्यांची घड्याळेही एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून घ्यावी लागतात. घड्याळाची ही अट किरकोळ वाटेल. पण दोन सर्व्हरांच्या वेळांत काही सेकंदांचा फरक पडला, की आधी काय घडले आणि नंतर काय, हेच ठरवता येत नाही. जी ओळ सहा महिने जपायची, ती लिहिण्यापूर्वीच तिच्यातील पासवर्ड आणि कार्डक्रमांक झाकणे मग अधिकच अगत्याचे होते. ‘रेल्स’सारख्या चौकटीत कोणती नावे असलेली माहिती नोंदीत झाकायची, याची यादी देण्याची सोय आहे. इतरत्र ती काळजी लिहिणाऱ्यानेच घ्यायची असते.

काम आटोपल्यावर पातळी पूर्ववत करून फाइल हटवावी. त्यातही लिनक्सवर एक गफलत नेहमी होते. डिस्क भरली म्हणून अवाढव्य लॉग फाइल पुसली जाते, पण जागा मोकळी होत नाही. याचे कारण असे, की आज्ञावलीने ती फाइल अजून उघडी धरलेली असते. यादीतून नाव गेले, तरी मजकूर डिस्कवर तसाच राहतो आणि अदृश्य फायलीत नव्या ओळींची भरही पडत राहते. अशा वेळी आज्ञावली पुन्हा सुरू करावी लागते. पुसण्याऐवजी फाइल शून्य आकाराची केली, तर जागा लगेच मोकळी होते आणि सर्व्हरही चालू राहतो. रोजच्या व्यवहारात हे काम ‘लॉगरोटेट’ या साधनावर सोपवतात. ते ठरलेल्या काळाने किंवा आकाराने जुन्या फायली बाजूला सारते, आवळून ठेवते आणि मुदत संपल्यावर काढून टाकते. शेवटी खासगी खिडकीतून, लॉगइन न करता, त्या फायलीचा पत्ता ब्राउझरमध्ये एकदा टाकून पाहावा. ‘पान सापडले नाही’ असे उत्तर आले म्हणजे झाले.